मांगं बी लाइट पायजे!

जठारपेठेत संध्याकाळी सहानंतर एक ठरलेलं चित्र असतं. क्लास सुटलेले, स्कूट्यांची गर्दी, टपरीवर कटिंग आणि टेस्ट सिरीजच्या मार्कांवरून चाललेली भांडणं. गेल्या शनिवारी याच गर्दीत एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर ट्रॅक्टर उभा होता. मोठा नाही, छोटासा. क्लासमधून निघालेल्या दोन मुलींनी त्याच्यासोबत सेल्फीसुद्धा घेतला. ‘किती क्यूट आहे ना!’

ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेल्या मुलाला मात्र हसू येत नव्हतं. तो माझ्या रूममेटचा धाकटा भाऊ. बीए सेकंड इयर. आठवडाभर अकोल्यात कॉलेज, शनिवार-रविवार बार्शीटाकळी तालुक्यातल्या गावी ट्रॅक्टर. आज सर्व्हिसिंगसाठी ट्रॅक्टर शहरात आणला होता, आणि त्याच फेरीत त्याला जादा लाइट लावून घ्यायचे होते.

‘हेडलाइट आहेत की दोन,’ मी म्हटलं.

‘ते समोरचे झाले, ताई,’ तो म्हणाला. ‘मांगं बी लाइट पायजे.’

एवढंच म्हणून तो गप्प झाला. मागे लाइट कशाला पाहिजे, हे मला त्या रात्रीची गोष्ट ऐकल्यावर कळलं.

गटाचा ट्रॅक्टर

हा ट्रॅक्टर त्याच्या घरचा नाही, त्याच्या आईच्या बचत गटाचा आहे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची एक योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं 90 टक्के अनुदानावर मिळतात. गटानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा खर्चाची मर्यादा साडेतीन लाखांची होती. त्यातले 3 लाख 15 हजार अनुदान, उरलेले 35 हजार गटाचे. हे 35 हजार बायकांनी महिन्याच्या बचतीतून उभे केले. त्यामुळे ट्रॅक्टरवर एक ओरखडा आला तरी पूर्ण गटाला हिशेब द्यावा लागतो.

छोटा असला तरी काम भरपूर करतो. कपाशीच्या ओळींतून डवरणी, फवारणी, छोटा रोटाव्हेटर, पेरणी. मोठा ट्रॅक्टर जिथं वळत नाही, तिथं हा सहज वळतो. गटातल्या बायकांची शेती झाली की तो भाड्यानं जातो आणि त्या भाड्यातून गटाची गाडी चालते.

भाड्याची खरी कमाई आताच्या दिवसांत. सोयाबीन निघालं की त्याच वावरात हरभरा पेरायचा असतो. आपली काळी जमीन ओल धरून ठेवते हे खरं, पण वरचा थर उघडा पडला आणि ऑक्टोबरचं ऊन लागलं की पेरणीच्या खोलीवरची ओल भराभर उडते. ओल गेली की हरभरा उगवत नाही. म्हणून सोयाबीन निघाल्यानंतरचे चार-सहा दिवस फार मोलाचे. त्या दिवसांत सगळ्यांनाच ट्रॅक्टर पाहिजे असतो, आणि ट्रॅक्टर तर एकच. मग दिवसाचं काम रात्रीत सरकतं. उन्हाळ्यातही तेच. अकोल्याचा पारा 45 च्या पुढं गेल्यावर दुपारी दोन वाजता वावरात कोण उभं राहील? नांगरटी, वखरणी रात्री नाहीतर पहाटे.

म्हणजे रात्रीचं काम ही हौस नाही. ते करावंच लागतं.

ती रात्र

मागच्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे साडेदहा-अकरा झाले असतील. हा ट्रॅक्टरवर, मागे रोटाव्हेटर. त्या वावरात तुरीची जुनी धसकटं आणि सोयाबीनचं कुटार भरपूर होतं. ते रोटाव्हेटरच्या पात्यांत गुंतायचं. गुंतलं की आई थांबायला सांगायची, हा पीटीओ बंद करायचा, आई वाकून काढायची. मग पुढं.

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा तो फिरता दांडा, ज्यावर अवजार चालतं. ठरलेल्या वेगात तो मिनिटाला 540 फेरे घेतो. भागून पाहा: सेकंदाला नऊ. त्यात साडीचा पदर, ओढणी, शर्टाची बाही अडकली तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

त्या रात्री ट्रॅक्टरवर मागे दोन हॅलोजन लाइट होते. ते यानं स्वतःच लावले होते, मोबाइलवर व्हिडिओ पाहून. हेडलाइटच्या वायरला छिलून मागच्या लाइटची वायर जोडली, वर टेप गुंडाळली, झालं. पहिल्याच रात्री फ्यूज उडाला. नवीन टाकला, तोही उडाला. तिसऱ्या वेळी खिशात फ्यूज नव्हता. मग यानं तांब्याची तार गुंडाळली.

‘कोणी सांगितलं होतं तसं करायला?’ मी विचारलं.

‘कोणीच नाई. सगळेच करतात ना ताई. गावात कुठी बी पाय.’

तार टाकल्यावर सगळं छान चाललं. पंधरा दिवस. मग त्या रात्री डॅशबोर्डखालून जळका वास आला, थोडा धूर आला, आणि क्षणात सगळे लाइट गेले. मागचेही आणि समोरचेही. इंजिन मात्र चालूच. रोटाव्हेटर फिरतोय. चंद्र नाही. आणि आई मागे कुठंतरी.

‘मी किल्ली दाबली का क्लच दाबला, मले आठवत बी नाई,’ तो सांगत होता. ‘इंजिन बंद झालं. मंग मी आवाज दिला. माय, कुठी हायेस वं? तं उत्तरच नाई.’

किती वेळ उत्तर आलं नाही, ते त्याला सांगता येत नाही. त्याला ते खूप वाटले. मावशी म्हणतात, चार-पाच सेकंद असतील. त्या रोटाव्हेटरपासून दोन हातांवर होत्या, धसकटाचा गुंता काढायला वाकायच्याच बेतात. एकदम अंधार झाल्यानं त्याच दचकून जागच्या जागी थांबल्या होत्या.

‘इथंच हाय रे बाबू,’ एवढंच त्या बोलल्या.

जवळच सोयाबीनच्या कुटाराचा ढीग होता. डॅशबोर्डखालची ठिणगी तिथवर गेली असती तर काय झालं असतं, हा विचार दोघांनाही दुसऱ्या दिवशी सुचला. तेव्हापासून गटानं ठरवलं, रात्रीचं काम बंद. म्हणजे ऐन हंगामात अर्धं भाडंही बंद. या वर्षी गटाच्या मीटिंगमध्ये विषय पुन्हा निघाला, आणि मावशींनी अट घातली. लाइट लावा, पण जाणत्या माणसाकडून.

फ्यूज का उडत होता?

दुकानातल्या काकांनी गोष्ट शांतपणे ऐकली. मग माझ्या हातातली वही पाहून म्हणाले, ‘पेपरवाली हायेस ना? मंग लिव. वॅट भागिले व्होल्ट बराबर अँपिअर. एवढं लिवलं तरी लोकायचं भलं होईन.’

दहावीच्या विज्ञानातलं वाक्य. मार्क मिळवले आणि विसरून गेलो. काकांनी ते ट्रॅक्टरच्या बॉनेटवर खडूनं सोडवलं.

ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची. हेडलाइटचे दोन बल्ब 55 वॅटचे, म्हणजे 110 वॅट. भागिले 12, साधारण 9 अँपिअर. त्या लाइनला कंपनीनं 15 अँपिअरचा फ्यूज दिलेला. आता त्याच लाइनवर यानं आणखी दोन 55 वॅटचे हॅलोजन टाकले. एकूण 220 वॅट, म्हणजे 18 अँपिअरच्या वर. 15 चा फ्यूज उडणारच. तो त्याचं कामच करत होता. वायरवर तिच्या ताकदीबाहेरचा भार पडला की वायर जळायच्या आधी फ्यूज स्वतः जळतो. त्याच्या जागी तांब्याची तार टाकल्यावर जळायला उरली ती वायर. आणि वायर जळते ती जुडग्यात, बाकीच्या वायरींना सोबत घेऊन. म्हणून समोरचे लाइटही गेले.

‘पोरा, फ्यूज दहा-वीस रुपयाचा. त्याच्या जागी तू आख्खा ट्रॅक्टर लावला होता,’ काका म्हणाले. तो मान खाली घालून उभा.

नवी लाइन, वेगळी लाइन

मग काम सुरू झालं. काकांनी सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. पाना चुकून कुठं टेकला तरी ठिणगी नको. त्यानंतर आमच्यासमोर सामान मांडलं. दोन तास मी तिथंच स्टुलावर बसून होते, आणि खरं सांगते, फर्स्ट इयरच्या कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त समजलं.

*लाइट.* हॅलोजन बाद. 18 वॅटचे चार एलईडी. चार मिळून 72 वॅट, म्हणजे फक्त 6 अँपिअर. ट्रॅक्टरच्या पुस्तकात अल्टरनेटर 36 अँपिअरचा दिलाय, पण इंजिन हळू चालत असताना तो पूर्ण देत नाही. म्हणून जितका कमी भार तितकं बरं. लाइटवर ‘आयपी 67’ लिहिलेलं होतं. त्यातला 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही, 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. आपल्या वावरातली धूळ बघता हे बघूनच घ्यायचं. काच पसरट उजेडाची, म्हणजे फ्लड. लांब झोत टाकणारे स्पॉट इथं कामाचे नाहीत. रोटाव्हेटर काही दोनशे मीटरवर नसतो!

*रिले.* छोटासा काळा डबा, मागे चार पिना. त्यावर आकडे असतात: 30, 85, 86, 87. बॅटरीकडून येणारा मोठा करंट 30 वर, तिथून 87 वरून लाइटकडे. 86 ला स्विचची बारीक वायर, 85 ला अर्थ. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की बारीक करंट रिलेला जागं करतो आणि रिले आत मोठा रस्ता उघडतो. फायदा असा की लाइटचा सगळा करंट स्विचमधून जातच नाही. स्विच तापत नाही, चिकटत नाही. स्विचची वायर काकांनी किल्लीनंतरच्या लाइनला जोडली. किल्ली काढली की लाइट आपोआप बंद. नाहीतर रात्री लाइट चालू राहायचे आणि सकाळी ट्रॅक्टरला धक्का मारायला गाव गोळा करावं लागायचं.

*फ्यूज.* 10 अँपिअरचा, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तो लाइटजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची पूर्ण वायर विनासंरक्षण राहते. वायर मध्येच कुठं घासून शॉर्ट झाली तर फ्यूजला कळणारच नाही.

*वायर.* जुनी वायर काकांनी बोटात धरून दाखवली. डोअरबेलला वापरतात तसली, अर्धा चौरस मिलिमीटरची. नवीन मुख्य वायर अडीच चौरस मिलिमीटरची. फरक काय? बॅटरीपासून मागच्या मडगार्डपर्यंत जाऊन-येऊन सहा मीटर धरा. 6 अँपिअरला बारीक वायर सव्वा व्होल्ट वाटेतच खाते. जाड वायर खाते फक्त पाव व्होल्ट. खाल्लेले व्होल्ट जातात कुठं? उष्णतेत. म्हणजे बारीक वायर उजेड कमी करते आणि वरून तापते.

*अर्थ.* निगेटिव्ह बाजू ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडायची, पण रंगावर नाही. काकांनी पॉलिश पेपरनं रंग घासून लोखंड चमकवलं, मग लग दाबून नट कसला, वरून ग्रीस. ‘लाइट मिणमिण करून रायला असं घेऊन दहा जण येतात. त्यातल्या आठ जणांचा अर्थ ढिला रायतो,’ असा त्यांचा अनुभव.

जोड द्यायला टेप अजिबात वापरली नाही. दाबाचे लग, त्यावर गरम केली की आकसणारी स्लीव्ह. जिथं वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी बुश. पूर्ण वायर नालीदार पाइपात, सायलेन्सरपासून लांब, आणि फिरत्या दांड्याच्या आसपास तर नाहीच. पाइपाचा आणखी एक उपयोग मला गमतीशीर वाटला. उंदीर. गोठ्यात उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात, हे शहरातल्या मला माहीतच नव्हतं.

कंपनीचं मूळ वायरिंग काकांनी कुठंही कापलं नाही. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर कापाकापीमुळं क्लेम अडकू शकतो. म्हणून आधी डीलरला विचारून घेतलेलं बरं.

उजेड कुठं पाडायचा?

माझी समजूत होती की लाइट जितका उंच तितका चांगला. काकांनी पहिला लाइट हातात धरून, डोक्याजवळून चालू करून दाखवला. समोर मूठभर धूळ उडवली. सगळीकडे पांढरं धुकं! डोळ्यांच्या रेषेतून उजेड गेला की उडती धूळ तो थेट आपल्याच डोळ्यांत परत फेकते. तोच लाइट बाजूला आणि खाली नेला तर धूळ दिसत नाही, जमीन दिसते.

म्हणून दोन लाइट मागच्या मडगार्डवर, थोडे बाहेर, खाली रोटाव्हेटरकडे झुकलेले. दोन समोर बाजूंना, चाकाच्या शेजारची ओळ आणि धुऱ्याची कड दिसेल असे. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी धुऱ्याला लागून असतात. हेडलाइट सरळ समोर पाहतात, वळताना बाजूला काय आहे ते दाखवत नाहीत.

या ट्रॅक्टरला सीटमागे लोखंडी कमान आहे, रोप्स म्हणतात तिला. ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरला वाचवायला ती असते. तिला भोक पाडलं की तिची ताकद कमी होते. तिथं काही बांधायचंच तर क्लॅम्प लावून. ड्रिल नाही.

रंगाचाही विचार झाला. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे तुटून पडतात. हुमणीचे भुंगेरे पकडायला शेतात प्रकाश सापळा लावतात, त्यामागचं तत्त्व हेच. म्हणून ड्रायव्हरजवळचे मागचे दोन पिवळसर घेतले. त्यावर किडे तुलनेनं कमी येतात.

सगळं मिळून बिल झालं 2,600 रुपये. लाइट, रिले, फ्यूज, वायर, मजुरी धरून. गटाच्या वहीत त्याच संध्याकाळी नोंद झाली.

रोडवर बंद!

निघताना काकांनी त्याला एक गोष्ट दोनदा बजावली. ‘हे वावरातले लाइट. डांबरी लागली का बटण बंद.’

समोर स्पॉटलाइट, सर्चलाइट वापरायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतच मनाई आहे. आणि मागे पांढरा झगझगीत उजेड सोडून रोडवर चाललात तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. त्याला वाटतं समोरून गाडी येतेय. मागच्या बाजूनं फक्त लाल दिसलं पाहिजे. टेललाइट आणि लाल रिफ्लेक्टर, आणि ट्रॉली असेल तर ट्रॉलीलाही. कॉलेजमधून बाइकवर रात्री गावी जाणाऱ्या कित्येकांनी अंधारातली बिनलाइटची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर पाहिलेली असते. कामाचा लाइट जास्त आणि टेललाइट बंद, हा उलटा कारभार आपल्याकडे खूप दिसतो. काकांनी त्या दिवशी जाता जाता टेललाइटचा गेलेला बल्बही बदलून दिला.

एक गोष्ट आपल्यापैकी काहींच्या कामाची. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. डिग्रीसोबत हाताला काम पाहिजे असं म्हणणाऱ्यांनी एकदा चौकशी करायला हरकत नाही. जठारपेठेच्या त्या दुकानात मी बसले होते तेवढ्या वेळात जादा लाइटसाठी आणखी दोन जण विचारून गेले. त्यातल्या एकानं फ्यूजच्या जागी तार लावली होती!

पुन्हा वावरात

दुसऱ्या दिवशी, रविवारी रात्री, मी रूममेटसोबत गावी गेले. तेच वावर, तोच रोटाव्हेटर. त्यानं किल्ली फिरवली, हेडलाइट लावले. समोर उजेड, मागे काळोख. मागच्या वर्षी लाइट गेल्यावर हा काळोख सगळीकडे झाला असणार. मग त्यानं बटण दाबलं. रोटाव्हेटरची पाती, माती, कुटार, आणि त्याच्यामागं पदर कमरेला घट्ट खोचून उभ्या असलेल्या मावशी. सगळं स्वच्छ दिसलं.

आता नियमही बदललाय. रोटाव्हेटर फिरत असताना कोणीही दहा पावलांच्या आत यायचं नाही. गुंता काढायचा तर आधी इंजिन बंद, किल्ली मावशींच्या हातात, मगच हात घालायचा. हा नियम मावशींनीच केला. लाइट कितीही चांगला असला तरी सेकंदाला नऊ फेरे घेणारा दांडा त्यानं हळू होत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

दोन फेऱ्या झाल्यावर मी विचारलं, ‘कसं वाटतंय मावशी?’

‘मले काय वाटन वं? मले तं पयलेही वावर दिसतच होतं. जन्म गेला इथं,’ त्या म्हणाल्या. मग ट्रॅक्टरकडे पाहिलं. तो दर थोड्या वेळानं मान वळवून मागे बघत होता.

‘त्याले आता मी दिसतो,’ मावशी म्हणाल्या. ‘बस झालं.’